सृष्टीच्या दप्तरांतून : शेवंतीच्या कुळांतील वृक्ष

गेल्या सणाच्या दिवशीं आमच्या घरीं पूजेची तयारी चालली होती. तबकांत पांढऱ्या व पिवळ्या शेवंतीची रास पडली होती, आणि आमची धाकटी पुतणी, जिला अजून दहावें वर्ष लागावयाचें आहे, एका फुलाच्या पाकळ्या एकेक करून उपटून पाटावर मांडीत बसली होती. वहिनी तिला रागें भरणार इतक्यांत तिनेंच मला विचारलें, "काका, ह्या प्रत्येक पाकळीच्या बुडाशीं आणखी एक इवलेंसें फूल कसें हो आहे?" प्रश्न ऐकून वहिनींचा राग निवळला, आणि मला ह्या महिन्याचा विषय अनायासें सांपडला.

मुलीचें निरीक्षण अगदीं बरोबर होतें. शेवंतीचें ज्याला आपण एक फूल म्हणतों तें वस्तुतः एक फूल नव्हेच. तें फुलांचें एकत्र कुटुंब आहे. मध्यभागीं दाटीनें बसलेल्या बारीक नळ्या हीं एकेक स्वतंत्र फुलें. आणि कडेला जी पाकळी दिसते तीहि एक फूलच, फक्त तिची नळी एका अंगाला फांकून पसरट झालेली. प्रत्येकाच्या बुडाशीं आपापली बीजकोशाची खोली, आणि त्या खोलींत फक्त एक बीज. वाड्याला भोंवतीं कोट असावा त्याप्रमाणें ह्या सर्व बिऱ्हाडांना बाहेरून हिरव्या छदांचें कडें असतें. शिवाय प्रत्येक चिमुकल्या फुलांतील पुंकेसरांच्या पराग-पिशव्या एकमेकींस चिकटून त्यांची नळी बनते, व आंतून वर येणारी केसराची कांडी तो पराग पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें बाहेर लोटते. ही रचना जेथें जेथें दिसेल तेथें तेथें वनस्पतिशास्त्रज्ञ एकच कुल ओळखतात. मराठींत त्याला सूर्यफूल-कुल म्हणतात. झेंडू, करडई, कारळे, माका, रस्त्याच्या कडेची एकदांडी, भाद्रपदांत सह्याद्रीचे माथे पिवळे करून सोडणारी सोनकी, हीं सगळीं ह्याच घरचीं. जगांत ह्या कुलाच्या पंचवीस हजारांहून अधिक जाति आहेत, आणि फुलझाडांच्या कुलांत संख्येनें त्याची बरोबरी करील असें एक आमरांचें, म्हणजे ऑर्किडांचें, कुलच काय तें आहे.

ह्या यादींतील बहुतेक मंडळी गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीची. सूर्यफूल डोक्यावर जातें खरें, पण एका हंगामांत वाढून तें वाळून जातें; त्याच्या दांड्याला कोणी लांकूड म्हणणार नाहीं. तेव्हां "शेवंतीच्या कुळांतील वृक्षाच्या सावलींत बसलों" असें कोणी सांगितलें तर आपण त्याची थट्टाच करूं. खंडांवर असे वृक्ष अगदींच नाहींत असें नव्हे. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील पावसाळी रानांत व्हर्नोनिया आर्बोरिया नांवाचा ह्या कुलांतला वृक्ष उभा असतो. परंतु तो अपवाद. जेथें हा अपवादच नियमासारखा वाटूं लागतो अशा जागा पृथ्वीवर आहेत, आणि त्या बहुतेक सर्व भर समुद्रांतील एकाकी बेटें आहेत.

अशा बेटांपैकीं एकाचें नांव वाचकांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहे. सेंट हेलेना! वॉटर्लूच्या पराभवानंतर १८१५ सालीं नेपोलियनला ज्या बेटावर ठेविलें, व जेथें ५ मे १८२१ रोजीं त्याचा अंत झाला, तें हेंच. दक्षिण अटलांटिक महासागरांत, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें १९०० किलोमीटर दूर, अवघें १२२ चौरस किलोमीटरांचें हें ज्वालामुखीचें शिखर आहे. तें कधींच कोणत्याहि खंडाला जोडलेलें नव्हतें. म्हणून तेथें जें कांहीं उगवलें तें वाऱ्यावरून, लाटेवरून किंवा पक्ष्याच्या पायांना चिकटूनच आलें. १५०२ सालीं पोर्तुगीज खलाशांना हें बेट सांपडलें तेव्हां तेथें मनुष्यवस्ती नव्हती, आणि पाला खाणारा एकहि चतुष्पाद नव्हता. होतीं तीं झाडें. आणि त्या झाडांत शेवंतीच्या सगेसोयऱ्यांचा वरचष्मा होता.

खलाशी लोक नांवें ठेवतात तीं डोळ्यांना दिसेल त्यावरून. ज्या झाडांतून चिकट डिंक पाझरे त्यांना त्यांनीं 'गमवूड', म्हणजे डिंकाचें लांकूड, म्हटलें. ज्यांच्या फांद्यांच्या टोकांशीं मोठ्या पानांचे गुच्छ दिसत त्यांना 'कॅबेज ट्री', म्हणजे कोबीचीं झाडें, म्हटलें. इतकेंच नव्हे, तर त्यांतील दोघांना 'नर कोबी' आणि 'मादी कोबी' अशी जोडी लावून दिली. वास्तविक कोबीशीं ह्या झाडांचा कांहीं संबंध नाहीं, आणि हे 'नर' व 'मादी' एकमेकांचे जोडीदारहि नव्हत. दोघांचे वंश अगदीं निराळे आहेत. नांवावरून नातें ठरवावयाचें म्हटलें कीं असा घोटाळा व्हावयाचाच.

खरें नातें फुलानें सांगितलें. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीबरोबर १७७५ सालीं जॉर्ज फॉर्स्टर ह्या बेटावर उतरला. त्यानें ह्या झाडांचीं पांढरीं फुलें पाहिलीं आणि हें डेझी-शेवंतीचें कुल होय हें ओळखलें. पण वंश कोणता म्हणावा? त्यानें युरोपांतील 'सॉलिडॅगो' नांवाच्या पिवळ्या तुऱ्यांच्या रोपट्यांत त्यांची नोंद केली. पुढें विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनीं तेथील वनस्पतींची यादी केली. हे रॉक्सबर्ग आपल्याला परके नव्हत. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक म्हणून वीस वर्षें काम करून, हिंदुस्थानांतील वनस्पतिशास्त्राचा पाया घालून, ते १८१३ सालीं प्रकृतीच्या कारणानें मायदेशीं निघाले असतां वाटेंत सेंट हेलेनाला राहिले होते. त्यांची यादी १८१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत त्यांनीं गमवूड 'कोनायझा' ह्या वंशांत घातला. तोहि वंश म्हणजे माळावरचें तणच. शेवटीं जिनीव्हाच्या द कान्दोल ह्यांनीं हीं झाडें वेगळीं काढून त्यांना 'कॉमिडेंड्रम', म्हणजे ग्रीक भाषेंत डिंकाचा वृक्ष, हें स्वतंत्र वंशनाम दिलें. खलाशाचें नांव अशा रीतीनें ग्रीक वेष धारण करून शास्त्रांत आलें!

येथें वर्गीकरणाचें एक मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. माणूस उंच आहे कीं ठेंगणा, त्यावरून त्याचें गोत्र ठरत नाहीं. तसेंच झाडाचें. लांकूड होणें, उंची वाढणें, पानें जाड होणें ह्या गोष्टी परिस्थितीप्रमाणें लौकर बदलतात. फुलाची घडण मात्र पिढ्यानुपिढ्या फारशी हलत नाहीं. म्हणून वीस हात उंचीचा वृक्ष आणि बोटभर रोपटें ह्यांचें फूल एक असेल, तर शास्त्र फुलाची साक्ष प्रमाण मानतें. अलीकडे पेशींतील डी. एन. ए. द्रव्य वाचण्याची विद्या उपलब्ध झाली, आणि तिनेंहि ही जुनी साक्ष पुष्कळ अंशीं उचलून धरली आहे. गमवुडाचें जवळचें नातें दक्षिण आफ्रिकेंतील 'फेलिशिया' नांवाच्या लहान रोपट्या-झुडपांशीं निघालें. आणि सेंट हेलेनाचे ते 'नर' व 'मादी' कोबी कोणाच्या शाखेंतले, तर आपल्या सोनकीच्या! पावसाळ्याअखेर पुरंदर-सिंहगडाच्या उतारांवर जी हातभर उंचीची सोनकी फुलते, तिचे दूरचे चुलते अटलांटिकच्या धुक्यांत वृक्ष होऊन उभे आहेत.

हा चमत्कार एकाच बेटाचा नाहीं. पॅसिफिक महासागरांत गॅलापॅगोस बेटांवर 'स्कॅलेशिया' नांवाचे वृक्ष आहेत; सांताक्रूझ बेटाच्या ओल्या उतारांवर त्यांचें संबंध रान माजतें. डार्विन १८३५ सालीं ह्या बेटांवर होता. पुढल्याच वर्षीं आर्नोट ह्या स्कॉच शास्त्रज्ञानें स्टेबल्स नांवाच्या एका गृहस्थाच्या सन्मानार्थ हें वंशनाम योजिलें; पण तें नांव चुकून 'स्केल्स' असें वाचलें गेलें, व छापलें गेलें तें 'स्कॅलेशिया'. नामकरणाच्या नियमाप्रमाणें तें आतां बदलतां येत नाहीं. शाळेच्या दाखल्यावर कारकुनानें चुकीचें लिहिलेलें नांव जन्मभर बाळगणारीं माणसें आपण पाहतों. त्यांना ह्या वृक्षाची सोबत आहे.

चिलीच्या पश्चिमेस हुआन फर्नांदेस नांवाचीं बेटें आहेत. १७०४ ते १७०९ पर्यंत अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी जेथें एकटा राहिला, व ज्याच्या हकीकतीशीं रॉबिन्सन क्रूसोच्या कथेचा संबंध जोडतात, तीं हीं. तेथील ह्या कुलाच्या एका वृक्षवंशाला 'रॉबिन्सोनिया' हें गोड नांव मिळालें. तोहि सोनकीच्याच शाखेचा. इतका जवळचा कीं त्याला वेगळा वंश न मानतां सोनकीच्या 'सिनेशियो' वंशांतच घालावा असें आज कित्येक शास्त्रज्ञांचें मत आहे. वृक्ष झाला एवढ्यानें मूळ घराचें आडनांव सोडावें कीं नाहीं, हा तो वाद आहे! तसेंच हवाई बेटांवर सुमारें तीस जातींचें एक गोत्र आहे. त्यांत कोणी वृक्ष, कोणी झुडूप, कोणी वेल, तर कोणी ज्वालामुखीच्या राखेंत रुपेरी पानांचा गोळा होऊन बसणारा. शरविन कार्लक्विस्ट ह्यांनीं लांकूड व फूल तपासून ह्यांचें मूळ कॅलिफोर्नियांतील 'टारवीड' नांवाच्या चिकट रानरोपट्यांत असावें असें सुचविलें. १९९१ सालीं ब्रूस बॉल्डविन ह्यांच्या डी. एन. ए. अभ्यासानें तें खरें ठरलें. हजारों मैल समुद्र ओलांडून एक बीज आलें, आणि त्याच्या संततीनें इतके निरनिराळे व्यवसाय पत्करले.

पण रोपट्यानें वृक्ष व्हावें कां? डार्विननें आपल्या १८५९ च्या ग्रंथांत ह्याचें उत्तर असें दिलें आहे. वड-आंब्यासारख्या थोर वृक्षांचीं जड बीजें महासागर ओलांडीत नाहींत. सूर्यफूल-कुलाच्या कित्येक बीजांना मात्र केसांची छत्री असते. तीं वाऱ्यावर निघतात. बेटावर पोंचलेल्या रोपट्यांत जें इतरांहून थोडें उंच, त्याला ऊन अधिक. वर छाया धरणारा वृक्ष आधींच हजर नसल्यामुळें ती जागा मोकळी. अशा रीतीनें पिढ्यानुपिढ्या उंचीची चढाओढ लागून शेवटीं रोपट्याचा वृक्ष झाला. वॉलेसनें ह्यांत भर घातली कीं बेटावर कीटक कमी, म्हणून परागाची वाट पाहण्यास दीर्घायुष्य उपयोगी. कार्लक्विस्ट ह्यांनीं समुद्री हवामानाकडे बोट दाखविलें : हिंवाळ्यांत गोठण्याचें भय नाहीं, मग वाढ थांबवावयाची कशासाठीं? शिवाय शेंडा खुडणारें जनावरहि नाहीं. अलीकडे कॅनरी बेटांवरील अभ्यासांतून लांकूडपणाचा संबंध अवर्षण सोसण्याशींहि जोडला जात आहे. बहुधा ह्यांपैकीं एकच कारण सर्व बेटांना लागू नसावें.

मात्र 'शेंडा खुडणारें जनावर नाहीं' हें वाक्य वाचकांनीं मनांत ठेवावें. पुढली दुःखाची कथा त्यांतच आहे.

पोर्तुगीजांनीं सेंट हेलेनावर शेळ्या सोडल्या, कीं येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना ताजें मांस मिळावें. शेळ्यांना शत्रु नव्हता. त्यांचे कळप झाले. ह्या वृक्षांच्या पूर्वजांनीं लक्षावधि वर्षांत शेळीचें तोंड पाहिलें नव्हतें. त्यांना कांटा नव्हता कीं विष नव्हतें. मोठीं झाडें शेळीनें मारलीं नाहींत. तिनें फक्त रोपें खाल्लीं. म्हणून पाहणाऱ्याला रान हिरवेंच दिसे. घरांत वडील माणसें आहेत पण पाळणा हालत नाहीं, अशा घराची जी स्थिति, ती त्या रानाची झाली. म्हातारीं झाडें आपल्या वयानें पडलीं, कांहीं सरपणासाठीं तोडलीं गेलीं, आणि मागें कोणी उरलें नाहीं. १६५९ पासून बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथील गव्हर्नरानें, लांकूड संपत चाललें आहे, एबनीचें झाड वांचविण्यासाठीं शेळ्या मारल्या पाहिजेत, असें वरिष्ठांस कळविलें. वॉलेसनें १८८० च्या आपल्या ग्रंथांत नोंदविल्याप्रमाणें संचालकांचें उत्तर आलें तें असें कीं, झाडापेक्षां शेळीची किंमत अधिक, सबब शेळ्या मारूं नयेत. हिशेब त्या दिवसापुरता बरोबरच होता! ज्या 'महावना'नें बेटाचा ईशान्य भाग व्यापला होता त्याचें पुढें उजाड माळरान झालें. त्यांतील एका पठाराचें नांव आजहि 'डेडवुड', म्हणजे मेलेलें लांकूड, असें आहे. नेपोलियनचें निवासस्थान लाँगवुड त्याच्या शेजारींच.

गमवुडाची एक बहीण-जात आहे. तिचीं पानें वाटोळीं असल्यामुळें आपण तिला गोलपानी गमवूड म्हणूं. ती नष्ट झाली असेंच सर्व धरून चालले होते. १९८२ सालीं स्टेडसन स्ट्राउड ह्या बेटवासीयास एका कड्याच्या अंगाला तिचें एक झाड आढळलें. एकच! चार वर्षांनीं, १९८६ सालीं, वाऱ्यानें तें उन्मळून पडलें. मध्यंतरीं त्याच्या बियांपासून थोडीं रोपें करून ठेविलीं होतीं एवढाच आधार राहिला.

परंतु येथें त्या कुळाचा एक आचार आड आला. आपल्यांत सगोत्र विवाह वर्ज्य मानीत आले, तसा ह्या कुलांतील पुष्कळ वनस्पतींचा सक्त निर्बंध आहे. फुलाच्या केसराग्राला आपल्याच झाडाचा पराग ओळखूं येतो व तें त्याला नाकारतें. भावंडांचाहि पुष्कळदां नाकारतें. रान भरलेलें असतें तेव्हां हा नियम हिताचा, कारण त्यानें रक्त ताजें राहतें. पण जातींत एकच झाड उरलें म्हणजे तोच नियम तिच्या मुळावर येतो. फुलें हजारों येतात, बिया धरल्यासारख्या दिसतात, आणि आंत बहुतेक पोकळ निघतात. त्यांतून शेजारीं साधा गमवूड असला तर त्याचा पराग लागून संकर रोपें होतात. दिसावयास वंशवृद्धि, पण जात मात्र पुसली जाते.

२००९ सालीं आणखी एक रानटी झाड सांपडलें, तेव्हां कामकऱ्यांनीं त्याच्या भोंवतीं जाळीचें आच्छादन उभारलें, कीं परक्या परागाचे कीटक येऊं नयेत. आणि हातांत कुंचला घेऊन फुलांना पराग लावण्याचें काम नेमानें चालविलें. नियमालाहि क्वचित् अपवाद असतो. शेंकडों पोकळ बियांमागें एखादी भरीव निघते, त्या एकीसाठीं हा खटाटोप. अशा बियांपासून केलेलीं रोपें आज देखरेखीखालीं वाढत आहेत.

साध्या गमवुडावरहि एक संकट येऊन गेलें. आपल्या माळांवर पसरलेल्या घाणेरीवर वाढणारी एक रस शोषणारी कीड परदेशांतून बेटावर आली आणि उरलेलीं गमवुडें वाळवूं लागली. १९९३ पासून केनियांतून आणलेला एक लहानसा ढालकिडा तेथें सोडण्यांत आला. तो तीच कीड खातो. दोन-तीन वर्षांत कीड आटोक्यांत आली आणि झाडें वांचलीं. पुढें २००० सालीं बेटवासीयांनीं त्या जुन्या महावनाच्या उजाड जागेवर स्वतःच्या हातांनीं गमवुडाचीं हजारों रोपें लावलीं. ज्या बेटाची लोकसंख्या चार-पांच हजार, त्यांनीं हें करावें ही गोष्ट लहान नव्हे.

हें सर्व मीं त्या दिवशीं जेवणानंतर ओसरीवर बसून घरांतील मुलांना सांगितलें. थोरल्यांनीं नेपोलियनविषयीं विचारलें. पुतणी मात्र बराच वेळ गप्प होती. शेवटीं म्हणाली, "काका, ती शेळी सोडली तेव्हां कोणाला ठाऊक नव्हतें का?" मीं म्हटलें, "सोडली तेव्हां नव्हतें. पण पुढें दोनशें वर्षांनीं ज्यानें कागद लिहून कळविलें त्याला ठाऊक होतें, आणि ज्यांनीं उत्तर लिहिलें त्यांनाहि." वडिलांनीं आंतून सुपारी कातरतां कातरतां एवढेंच म्हटलें, "बियाणें खाऊन पोट भरणाऱ्याला तें कुणी शिकवावें लागतें होय?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों तबकांतील एक शेवंती कमी होती. तिची प्रत्येक 'पाकळी' वहीच्या कागदावर ओळीनें चिकटवून पुतणीनें खालीं मोजून आंकडा घातला होता, आणि मथळा दिला होता, 'एका घरांतील माणसें'. ह्या भाद्रपदांत तिला सोनकी दाखविण्यास सिंहगडावर नेण्याचें मीं कबूल केलें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवाजवळ डोंगर असेल त्यांनींहि घरच्या मुलांना घेऊन जावें, एक फूल उकलून पाहावें, आणि ह्या पिवळ्या रोपट्याचे चुलते दूर समुद्रांत वृक्ष होऊन उभे आहेत, हें त्यांना अवश्य सांगावें.